आक्षेप कार्यपद्धतीवर

चौकशी अहवाल हाती आला की निष्कर्षाआधी मी त्यातील आक्षेप पाहतो. चौकशी अधिकाऱ्याला नेमके काय खटकले, ते तेथे उमगते. तुर्कस्तानच्या पंतप्रधान कार्यालयातील तपासणी मंडळाचे कुत्लू सावाश यांनी जानेवारी १९९८ मध्ये सादर केलेला अहवाल त्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

कुर्द बंडखोरांची पीकेके ही संघटना आणि तुर्की सरकार यांच्यातील संघर्ष तेव्हा ऐन भरात होता. पीकेकेला खंडणी देणाऱ्या व्यापाऱ्यांची यादी आपल्यापाशी असून त्यांना जाब विचारला जाईल, असे पंतप्रधान तान्सू चिल्लेर यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये जाहीर केले. वास्तविक खंडणी देणारा हा फिर्यादी. येथे तोच आरोपी ठरला, आणि तोही न्यायालयाविना. जानेवारी १९९४ मध्ये बेहचेत जानतुर्क हे व्यावसायिक इस्तंबूलमधून नाहीसे झाले व दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रेत सापडले. जूनमध्ये सावाश बुल्दान व त्यांचे दोन साथीदार यांना पोलीस म्हणवणाऱ्या सशस्त्र माणसांनी हॉटेलाबाहेरून नेले. त्यांचीही प्रेतेच मिळाली. अशा हत्यांना तुर्कीत ‘फाइली मेच्हुल’ म्हणतात, म्हणजे कर्ता अज्ञात. महाराष्ट्रात पोलीस ज्याला ‘अ समरी’ म्हणतात, त्याच जातीचा हा शब्द.

१९९६ मध्ये सुसुर्लुक येथे एका मोटारीला अपघात झाला. आत फरारी मारेकरी, वरिष्ठ पोलीस अधिकारी आणि सत्ताधारी पक्षाचा खासदार एकत्र होते. त्या गदारोळातून सावाश यांची चौकशी निघाली.

अहवालाची भाषा थंड आहे. जानतुर्क यांना कायद्याने आवरता येईना, म्हणून सुरक्षा यंत्रणेने त्यांना मारण्याचे ठरविले व तसे केले, असे तो सरळ नमूद करतो. पुढे अशा कृत्यांविषयी आपला मतभेद केवळ कार्यपद्धती व तिच्या परिणामांपुरता आहे, असेही सांगतो! मी हे वाक्य दोनदा वाचले. जानतुर्क यांच्यावर अमली पदार्थांच्या व्यापाराचा आरोप होता, हे खरे. परंतु त्यासाठी न्यायालये होती. प्रसिद्ध झालेल्या प्रतीत अहवालाची काही पाने नव्हती.

२००४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने बुल्दान खटल्यात तपास अपुरा असल्याबद्दल तुर्कस्तानला दोषी धरले. हत्या सरकारनेच केली, हे मात्र सिद्ध मानले नाही. अंकारा येथे माजी गृहमंत्री मेहमेत आआर व इतरांवर चाललेल्या खटल्यात २०१९ मध्ये सर्व सुटले. वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केल्यावर फेरसुनावणी झाली आणि २०२३ मध्येही कोणालाच शिक्षा झाली नाही. बुल्दान यांच्या पत्नी पेरविन २००७ मध्ये संसदेत निवडून गेल्या व पुढे तिच्या उपसभापती झाल्या.