दोन डावांमधील उसंत

जुगाराचा इतिहास सांगावयास मजूर-चळवळीतला माणूस कशाला उभा राहिला, अशी शंका श्रोत्यांपैकी काहींना आली असेल. तिचे उत्तर सोपे आहे. आमचा सारा जन्म पगारासाठी भांडण्यात गेला. पगार वाढवून मिळणे ही अर्धी लढाई. तो पगार गिरणीच्या किंवा कारखान्याच्या दारापासून घरच्या चुलीपर्यंत सुखरूप पोचणे ही उरलेली अर्धी. या वाटेवर दारूचा गुत्ता जसा उभा असतो, तसा आकड्याचा धंदाही उभा असतो. म्हणून पगाराच्या इतिहासाचे एक प्रकरण जुगाराचे आहे, आणि ते आम्ही आज उघडणार आहो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करू. खेळणे हा मनुष्याचा स्वभाव आहे. दिवाळीत घरच्या माणसांनी चार पत्ते पिसले म्हणून कोणाचे घर बुडत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. चार घटकांची करमणूक कोणत्या क्षणी गळफास होते, आणि त्या क्षणाच्या अलीकडे थांबण्यास माणसाला आजवर कशाचा आधार होता?

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. त्यातला जुगारी बायको तुटल्याचे दुःख सांगतो, आईबाप आणि भाऊ ओळख नाकारतात असे म्हणतो, आणि तरीही फाशांचा आवाज कानी पडताच पाय तिकडे वळतात अशी कबुली देतो. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो शेती करण्याचा. महाभारतातील द्यूत सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातली एक बाब आपण विसरतो. द्यूत दोनदा झाले. पहिल्या वेळी गेलेले सारे धृतराष्ट्राने परत दिले होते. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलेही होते. पुन्हा बोलावणे आले आणि धर्मराज वाटेतून परतला. पहिल्या द्यूताने अपमान झाला, दुसऱ्याने वनवास पदरी आला. थांबण्याची संधी हाती आली असता ती न घेणे, हेच या कथेचे मर्म आहे असे आम्हांस वाटते.

कौटिल्य व्यवहारी. त्याने उपदेशाऐवजी बंदोबस्त सुचविला. द्यूत एकाच ठरलेल्या जागी चालावे, त्यावर अध्यक्ष असावा, फासे त्याने पुरवावेत, जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच राजाने घ्यावेत, आणि अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, अशी अर्थशास्त्रात तरतूद आहे. युरोपात व्हेनिसच्या राज्यानेही १६३८ साली असेच एक सरकारमान्य द्यूतगृह उघडले आणि १७७४ साली ते बंद केले. ‘कॅसिनो’ हा शब्दही त्याच देशातला. मूळ अर्थ एवढाच की लहानसे घर. हेतू महसुलाचा असो वा शिस्तीचा, या व्यवस्थेत खेळाला एक जागा होती, एक वेळ होती आणि आजूबाजूला पाहणारी माणसे होती.

आता मुंबईकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात या शहरात पावसाचा सट्टा चाले. अमुक मुदतीत पाऊस पडेल का, पन्हळीतून पाणी वाहील इतका पडेल का, यावर पैसे लागत. १८८७ साली मुंबई सरकारने जुगारबंदीचा कायदा केला. पण पाऊस त्या कायद्याच्या शब्दांत बसेना, म्हणून १८९० मध्ये दुरुस्ती करून त्यालाही आत घ्यावे लागले. या खेळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. ढग कोणाच्या हुकमाने येत नसत. पाऊस पडेपर्यंत वाट पाहावी लागे, आणि पावसाळा सरला की धंदाही सरे. खेळणाऱ्याला निसर्गच सुट्टी देत असे.

पुढे पावसाची जागा कापसाने घेतली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होता भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येई. त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावू लागले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द गिरणगावाच्या तोंडी बसले ते येथून. यातील विपरीत प्रकार पाहा. दिवसभर जो कामगार कापसाच्या धुळीत साचे चालवी, तोच संध्याकाळी त्याच कापसाच्या, सातासमुद्रापलीकडच्या भावावर पगारातला रुपया लावी! १९६१ साली न्यूयॉर्कहून हे आकडे येणे थांबले. धंदा मात्र थांबला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत याने वरळीत, आणि १९६४ साली रतन खत्री याने, आपापले आकडे काढण्यास सुरुवात केली. मडक्यातून चिठ्ठ्या काढावयाच्या म्हणून नाव पडले मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची, आणि बेरजेतला शेवटचा अंक तो ‘ओपन’. तसाच दुसऱ्या खेपेस ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’.

येथे थोडे गणित करू. अंक दहा. एका अंकावर एक रुपया लावला आणि तो लागला तर साधारण नऊ रुपये मिळत. म्हणजे लोकांनी लावलेल्या दर दहा रुपयांतून एक रुपया धंदेवाल्याकडे राही. कोणी शंभर रुपये घेऊन बसला आणि हाती आलेले सर्व पुन्हा लावीत गेला, तर सरासरीने दहा डावांनंतर त्याचे पस्तीस उरतील, वीस डावांनंतर बारा. एखाद्याचा आकडा लागे, त्याची कथा चाळभर होई. ज्यांचा लागला नाही त्यांची कथा कोण सांगणार?

तथापि दिवसाला ओपन एक आणि क्लोज एक. वीस डाव खेळावयाचे तर दहा दिवस लागत. त्या दहा दिवसांत पाळी करावी लागे, घरी जावे लागे, बायकोच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे. आकड्याचा धंदा वाईट खराच. पण दोन डावांमध्ये उसंत होती, आणि त्या उसंतीत पुष्कळांची शुद्ध परत येई. ज्यांची आली नाही ते सावकाराच्या दारी गेले. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात नोंदविले आहे की रुपयामागे महिना एक आणा हा सावकारी व्याजाचा नेहमीचा दर होता. वर्षाला शेकडा पंचाहत्तर! असल्या कर्जाच्या पैशाने आकडा लावणारा माणूस दोन्ही बाजूंनी कापला जाई. जुगारात पगार जाणे ही एक आपत्ती. पुढच्या महिन्यांचे पगार आधीच जाणे ही तिच्याहून मोठी.

सरकारचे धोरण या बाबतीत कधी एकमार्गी नव्हते. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे असा निर्णय दिला. त्यानंतर बारा वर्षांनी, १९६९ साली, महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी काढली. १९७६ साली महाराष्ट्रात कॅसिनोंचा कायदा झाला. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्याने १९९२ साली मोठ्या हॉटेलांत यंत्रांच्या खेळास आणि १९९६ साली बोटींवरील कॅसिनोस वाट मोकळी करून दिली. मांडवीतल्या त्या बोटींचे दिवे आपल्याकडच्या सहलकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचे आहेत.

परंतु खरी क्रांती कायद्याने केली नाही, यंत्राने केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या कारागिराने तीन चाकांचे यंत्र बनविले. नाणे टाका, दांडा ओढा, चाके फिरतील, चित्रे जुळली तर यंत्रच पैसे देईल. ना पंच, ना सोबती, ना वाट पाहणे. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर याने कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळत असेल तर दाणा मिळाल्यावर कबुतर थोडे थांबते. दाणा केव्हा येईल याचा नेम नसेल, तर ते न थांबता टोचीतच राहते. यंत्रापुढे बसलेल्या माणसाचे याहून निराळे होत नाही.

वेगाचा हिशेब पाहा. रुलेटच्या चक्रावर शून्य धरून सदतीस घरे, आणि लागलेल्या एका रुपयाचे छत्तीस होतात. मालकाचा वाटा शेकडा सुमारे पावणेतीन, म्हणजे मटक्याच्या मानाने किती तरी सौम्य. पण अर्ध्या मिनिटाला एक डाव धरला, तर पन्नास मिनिटांत शंभर डाव होतात, आणि सर्व पुन्हा लावीत गेलेल्या शंभर रुपयांचे सरासरीने साडेसहा उरतात. मटक्याला जे करण्यास दहा दिवस लागत, त्याहून अधिक हे चक्र तासाच्या आत करते. आता तर हे चक्र खिशातल्या फोनमध्ये आले. गिरणीच्या भोंग्याला वेळ होती; फोनला ती नाही. रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीतही तो हजर.

२०२५ साली संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड; खेळणाऱ्यास शिक्षा नाही. गुन्हेगार कोण आणि बळी कोण, हा भेद कायद्याने केला हे योग्यच झाले. पण १८८७ च्या कायद्यातून पाऊस निसटला होता, हे विसरून चालणार नाही. शिवाय ज्यांत पैसे जिंकता येत नाहीत, पण खेळ लांबविण्यासाठी खोटी नाणी खऱ्या पैशाने घ्यावी लागतात, असेही खेळ जगात पुष्कळ आहेत. वेळ तर सर्वच खातात. म्हणून स्वतःची शिस्त स्वतःजवळ हवी.

ती शिस्त अवघड नाही. युनियनमध्ये आम्ही सांगतो तीच येथे सांगतो. कराराच्या अटी टेबलावर बसण्यापूर्वी ठरवाव्या, बसल्यावर नव्हे. खेळाची रक्कम आधी बाजूला काढावी आणि सिनेमाच्या तिकिटासारखी ती खर्ची पडली असे समजावे. वेळ घड्याळाने ठरवावी. हरलो किंवा जिंकलो यावर नव्हे. कर्जाच्या, किराण्याच्या आणि मुलांच्या फीच्या पैशाला हात लावू नये. गेलेले परत आणण्यासाठी कधीही खेळू नये; धर्मराज तेवढ्यासाठीच आठवावा. दारू पिऊन, जागरणाने थकून किंवा मन उदास असता फोन हाती घेऊ नये. आणि आपण काय खेळतो, किती खेळतो, हे घरातल्या एका माणसाला ठाऊक असावे. लपवावेसे वाटू लागले की समजावे, खेळ आता खेळ राहिलेला नाही.

ज्याला हे जमत नाही, त्याला नावे ठेवून भागणार नाही. जुगाराचे वेड हा आजार आहे असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या सूचीत नोंदविले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या सूचीतही तो आहे. आजाऱ्याने डॉक्टरकडे जावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक याच कामासाठी आहे. सोबत्यांनी त्याचे कर्ज गुपचूप फेडून टाकण्याऐवजी त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालावे.

पावसाच्या सट्ट्याला कायद्यात ओढणारे १८९० हे साल गिरणी कामगारांच्या इतिहासात आणखी एका कारणाने कोरलेले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीला त्या वर्षी १० जून रोजी यश आले आणि गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. यंत्र थकत नाही, माणूस थकतो. म्हणून यंत्राने माणसासाठी थांबले पाहिजे, हा विचार त्या सुट्टीच्या मुळाशी होता. कामाच्या यंत्राला रविवार आपण लढून घेतला. खेळाच्या यंत्राला रविवार कोणी मालक देणार नाही. तो ज्याने त्याने घरच्यांच्या साक्षीने घालून घ्यावा, आणि सोबत्याला घालून घेण्यास हात द्यावा.