फ्लशच्या टाकीची मंद गळती

संडासाच्या फ्लश टाकीतून थेंबाथेंबाने किंवा सुतासारख्या बारीक धारेने, बहुधा आवाज न होता, पाणी वाहत राहण्याचा दोष. बोलीत 'टाकी झिरपते', 'फ्लश थांबत नाही' असे म्हणतात. ज्या शहरात नळाला दिवसभर पाणी असते तिथे हा दोष पाणीपट्टीच्या बिलात दिसतो. वऱ्हाडातल्या अचलपूर-परतवाड्यासारख्या गावांत नळ ठरावीक वेळी येतो आणि पुढचा नळ येईपर्यंत छतावरच्या टाकीवर भागवावे लागते. तिथे तो पहाटे कळतो, कारण रात्री भरून ठेवलेली टाकी सकाळी अर्धी झालेली असते.

थेंबांचा हिशेब आधी मांडावा. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला सुमारे 4 लिटर जातात. ते सोसता येते. पण मिनिटाला चहाचा एक कप, म्हणजे 100 मिलिलिटर, एवढी धार भांड्याच्या पांढऱ्या उतारावर नीट दिसतही नाही आणि दिवसाला 144 लिटर घेऊन जाते. नळयोजना आहे पण भुयारी गटार नाही अशा गावांसाठी केंद्र शासनाच्या 1999 च्या पाणीपुरवठा नियमावलीने माणशी दररोज 70 लिटर धरले होते. त्या मापाने घरातल्या दोन माणसांचे पाणी कोणी न वापरता जाते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हंड्याने पाणी मोजणाऱ्या घराला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

जुनी साखळीची बिडाची टाकी अशी लपून गळत नसे. तिच्यात सायफन असे. पाण्याला एका उंचवट्यावरून चढून जावे लागे आणि साखळी ओढल्याशिवाय ते चढत नसे. फुगा बिघडलाच तर जादा पाणी भिंतीतून बाहेर काढलेल्या नळीने बोळात पडे आणि शेजारचे माणूस हाक मारून सांगे. ब्रिटनमध्ये तर पाणी वाया जाऊ नये म्हणूनच बराच काळ सायफनचीच टाकी नियमाने चालत होती; तळाला झडप असलेल्या टाक्यांना तिथे 2001 पासून मुभा मिळाली. आज घरोघरी असलेल्या दोन बटणांच्या प्लास्टिक टाकीत पाणी अडवण्याचे सगळे काम तळाच्या एका रबरी चकतीवर असते आणि जादा पाण्याची नळीही आतल्या आत भांड्यातच उतरते. लहान बटणाला 3 आणि मोठ्याला 6 लिटर, ही बचत खरी आहे. मात्र चकती सुटली की ती बचत रात्रभरात वाहून जाते, आणि बोळात काहीच पडत नसल्याने हाक मारणारेही कोणी नसते.

गळती आहे की नाही हे नीळ सांगते. टाकीचे झाकण काढून कपड्यांच्या निळीचे काही थेंब पाण्यात टाकावेत आणि अर्धा तास संडास वापरू नये. भांड्यात निळी छटा उतरली तर पाणी टाकीतूनच येते आहे. कुठून येते, हे ओळखण्यासाठी दुसरी परीक्षा आहे, आणि ती न करताच सुटे भाग बदलण्यात पैसे व दिवस दोन्ही जातात. आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने रेघ मारावी, टाकीखालचा अँगल कॉक बंद करावा आणि तासाभराने पाहावे. पातळी रेघेवरच राहिली, तर तळाची झडप चांगली आहे. दोष पाणी आत सोडणाऱ्या बॉल कॉकचा आहे आणि अँगल कॉक उघडताच पाणी आतल्या नळीच्या काठावरून वाहू लागते. पातळी उतरतच गेली तर तळाची चकती धरत नाही. थोडी उतरून एका उंचीवर थांबली तर त्याच उंचीवर नळीला चीर आहे. भांडे कोरडे आणि पातळी मात्र कमी, असे असेल तर टाकी व भांड्यामधला गॅस्केट किंवा बोल्टाखालचा वायसर पाहावा. अशा वेळी खालून कोरडे वर्तमानपत्र फिरवले की ओली जागा लगेच सापडते. पावसाळ्यात टाकीला बाहेरून सुटणारा घाम गळती समजू नये. पुसल्यावर तो सगळीकडे सारखा परत येतो.

तासाला 1 सेंटिमीटर उतार म्हणजे किती? टाकी आतून 40 सेंटिमीटर लांब व 15 रुंद असेल तर 600 मिलिलिटर, दिवसाला 14 लिटरांहून थोडे जास्त.

या भागात बॉल कॉक बिघडण्याचे नेहमीचे कारण नळाचे पहिले पाणी. बऱ्याच तासांनी नळ आला की गंज व गाळ घेऊन येतो, बारीक खडा झडपेच्या तोंडात अडकतो आणि ती पुरती मिटत नाही. जाळी काढून धुतली की बहुतेक वेळा काम होते. पहिले पाणी टाकीत न घेणे हा त्याहून चांगला उपाय. तळाच्या चकतीचा शत्रू क्षार. विंधनविहिरीच्या जड पाण्याने रबरावर पांढरी कपची बसते; दक्षिणेला दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात हा त्रास अधिक. चकती काढून व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावी व बोटाने चोळावी. संडास धुण्याचे ॲसिड टाकीत कधीही ओतू नये, आणि पाणी वाचवण्यासाठी टाकीत वीट ठेवण्याची पद्धतही सोडावी. वीट झिजते आणि तिची कच चकतीखालीच जाऊन बसते. त्याऐवजी पाण्याने भरलेली बाटली चालते.

फुकट जाणारे हे पाणी शेवटी सेप्टिक टाकीत जाते, ही बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्या टाकीत मैला कुजण्यासाठी पाणी दिवस-दोन दिवस थांबावे लागते. वरून स्वच्छ पाण्याची धार चालू राहिली की ते लवकर बाहेर ढकलले जाते आणि अर्धवट कुजलेला मैला शोषखड्ड्यात उतरतो. वऱ्हाडची काळी माती मुळातच पाणी सावकाश पिते. त्यामुळे खड्डा तुंबतो, अंगणात ओल व वास येतो आणि दोष खड्ड्याला दिला जातो. खड्डा नव्याने खोदण्याआधी निळीची परीक्षा करून घ्यावी.

चकती कडक झाली किंवा तिची कड वळली असेल तर ती बदलावीच लागते. प्रत्येक कंपनीचे माप वेगळे असल्याने परतवाड्याच्या बाजारात जाताना जुनी चकती सोबत न्यावी. नवी बसवल्यावर रेघ पुन्हा मारून कॉक रात्रभर बंद ठेवावा. सकाळी पाणी रेघेशीच असेल तर काम झाले.