वेदना दडपून खेळलेला फुटबॉल : वेदनाशामके, नियम आणि कतार

अर्जेंटिनाचा आघाडीपटू गॅब्रिएल बातिस्तुता २००३ मध्ये दोह्याच्या अल-अरबी क्लबात दाखल झाला. २००३-०४ च्या हंगामात त्याने २५ गोल करून कतारच्या लीगमधील जुना विक्रम मोडला. २००५ मध्ये तो निवृत्त झाला. पुढे २०१४ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की, खेळ थांबवल्यानंतर थोड्याच काळात त्याला चालणेही अशक्य झाले होते. घोट्यांमधील कूर्चा झिजून गेली होती आणि वेदना इतक्या असह्य होत्या की, पाय कापून टाकण्याची विनंती त्याने डॉक्टरांकडे केली. दुखणे सोसत खेळत राहण्याची किंमत त्याला मैदान सोडल्यावर मोजावी लागली. अशा सोसण्याला आजच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये गोळीचा आणि इंजेक्शनचा आधार मिळतो. त्यातील बहुतांश औषधे पूर्णपणे नियमांत बसणारी आहेत, आणि खेळाडूंच्या आरोग्याचा खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

वापराचे प्रमाण

या विषयावरील सर्वांत परिचित माहिती ‘फिफा’च्याच वैद्यकीय संशोधनातून पुढे आली. सामन्यापूर्वीच्या ७२ तासांत प्रत्येक खेळाडूला कोणती औषधे दिली, याची नोंद विश्वचषकातील संघांच्या डॉक्टरांकडून मागवण्यात येत असे. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या २०१० च्या स्पर्धेतील ७३६ खेळाडूंच्या अशा नोंदींचा अभ्यास डॉ. फिलिप त्शोल आणि फिफाचे तत्कालीन मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. यिरी ड्वोराक यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. स्पर्धेदरम्यान सुमारे ७२ टक्के खेळाडूंनी कोणते ना कोणते औषध घेतले होते. सुमारे ६० टक्के खेळाडूंनी किमान एकदा वेदनाशामक घेतले होते, आणि ३९ टक्के खेळाडू प्रत्येक सामन्यापूर्वी ते घेत होते. हे आकडे डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचे आहेत. खेळाडूने स्वतःच्या पिशवीतून काढून घेतलेली गोळी त्यांत मोजली गेलेली नाही.

प्रत्येक सामन्याआधी गोळी घेणे म्हणजे झालेल्या दुखापतीवर उपचार करणे नव्हे. होऊ शकणारी वेदना आधीच दाबून ठेवण्याची ती सवय आहे. दुखापत आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळीने वेदना कमी होते, पण ताणलेला स्नायू, सुजलेले अस्थिबंध किंवा झिजलेली कूर्चा होती तशीच राहते. वेदना जाणवली असती तर खेळाडूने पाय आखडता घेतला असता. ती न जाणवल्यामुळे तो त्याच सांध्यावर पुन्हा पूर्ण भार टाकतो.

औषध शरीरात काय करते

फुटबॉलमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी औषधे ‘स्टेरॉइडविरहित दाहशामक’ या गटातील आहेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन आणि एटोरिकॉक्सिब ही त्यांतील प्रमुख नावे. ब्रुफेन, व्होवेरान किंवा कॉम्बिफ्लाम या नावांनी ती भारतीय घरांतही परिचित आहेत. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांची निर्मिती ही औषधे रोखतात आणि त्यामुळे दाह व वेदना कमी होते. मात्र हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या मोकळ्या ठेवतात. म्हणूनच या औषधांच्या दीर्घ वापराने जठरात व्रण व रक्तस्राव, रक्तदाबात वाढ, हृदयविकार आणि मूत्रपिंडाची हानी यांचा धोका वाढतो.

उष्ण प्रदेशात हा धोका अधिक गंभीर होतो. जोरदार व्यायामात रक्त स्नायूंकडे व त्वचेकडे वळते आणि मूत्रपिंडाचा वाटा घटतो. घामामुळे शरीरातील पाणी कमी झाले की तो आणखी घटतो. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करतात, आणि नेमका तोच आधार गोळी काढून घेते. उन्हाळ्यातील तापमानामुळेच २०२२ चा विश्वचषक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हलवावा लागला, हे लक्षात घेता कतारमध्ये खेळणाऱ्यांसाठी ही बाब दुय्यम ठरत नाही.

मूत्रपिंडाच्या हानीसंदर्भात क्रोएशियाच्या इव्हान क्लास्निचचे प्रकरण वारंवार उद्धृत होते. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर २००७ मध्ये त्याच्यावर प्रत्यारोपण झाले. आईचे मूत्रपिंड शरीराने स्वीकारले नाही, वडिलांचे स्वीकारले. २००८ च्या युरो स्पर्धेत तो पुन्हा खेळला आणि त्याने गोलही केले. आजाराची लक्षणे दुर्लक्षित करून आपल्याला वेदनाशामके देण्यात आली, असा आरोप त्याने जर्मनीतील क्लबच्या डॉक्टरांवर केला. अनेक वर्षे चाललेला हा वाद २०२० मध्ये तडजोडीने मिटला. डेन्मार्कचा माजी कर्णधार डॅनिएल आगर २०१६ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी निवृत्त झाला. कारकिर्दीत आपण दाहशामक औषधे प्रमाणाबाहेर घेतली, हे त्याने स्वतः मान्य केले आहे.

नियमांची मर्यादा

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’ एखादे द्रव्य यादीत घालण्यापूर्वी तीन निकष पाहते : त्याने कामगिरी उंचावते का, आरोग्याला धोका होतो का आणि खेळाच्या मूल्यांना बाधा येते का. यांपैकी दोन निकष लागू झाले तर त्या द्रव्यावर बंदी येऊ शकते. स्टेरॉइडविरहित दाहशामके या यादीत नाहीत. कॉर्टिसोनसारख्या ग्लुकोकॉर्टिकॉइड औषधांची सर्व प्रकारची इंजेक्शने १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध झाली. अफूजन्य औषधांसारखे काम करणारे ट्रॅमाडॉल मात्र अनेक वर्षे केवळ निरीक्षणाखाली होते. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २०१९ मध्येच त्यावर बंदी घातली. वाडाची बंदी १ जानेवारी २०२४ पासून लागू झाली.

याचा अर्थ असा की, कतारमधील विश्वचषकात ट्रॅमाडॉल घेणे हा उत्तेजकविषयक गुन्हा नव्हता. त्यानंतर जेमतेम १३ महिन्यांनी, १२ जानेवारी २०२४ रोजी, त्याच देशात आशियाई चषक सुरू झाला तेव्हा तो गुन्हा ठरला होता. भारतीय संघही त्या स्पर्धेत खेळला. औषध तेच होते, शरीरावरील परिणाम तेच होते. बदलला होता तो नियम. यादीत नसणे हा निर्धोकपणाचा दाखला मानता येत नाही, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

निर्णय कोणाचा

२०२२ च्या विश्वचषकापूर्वी युरोपातील प्रमुख लीग अवघा आठवडाभर आधी थांबल्या. एरवी मिळणारी काही आठवड्यांची उसंत खेळाडूंना मिळाली नाही. अशा वेळापत्रकात लहान दुखापत बरी होण्यासाठी लागणारा वेळ हीच सर्वांत दुर्मीळ गोष्ट असते आणि तिची जागा गोळी घेते. प्रशिक्षकाला खेळाडू हवा असतो, खेळाडूला संघातील जागा टिकवायची असते, आणि क्लबचा डॉक्टर दोघांच्या मध्ये उभा असतो.

कतारमध्ये ‘ॲस्पेटार’ या दोह्यातील क्रीडावैद्यक रुग्णालयाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून देशातील क्लब आणि क्रीडा महासंघांना वैद्यकीय सेवा पुरवली जाते. उपचार करणारी यंत्रणा जितकी क्लबच्या निकालांपासून दूर, तितके ‘आज खेळू नका’ असे सांगणे डॉक्टरला सोपे जाते. अशा रचनेचे महत्त्व यातच आहे. औषधाची लेखी नोंद, ठरावीक काळाने मूत्रपिंड व रक्तदाबाची तपासणी आणि दोन दाहशामके एकाच वेळी न देणे, ही पथ्ये कोणत्याही संघाला पाळता येण्याजोगी आहेत.

आखातातील हौशी खेळाडूंसाठी

सुटीच्या दिवशी फुटबॉल किंवा क्रिकेट खेळणाऱ्या अनिवासी भारतीयांना ना संघाचा डॉक्टर असतो, ना नियमित तपासणी. उन्हात खेळण्यापूर्वी ‘खबरदारी म्हणून’ दाहशामक गोळी घेणे टाळावे. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊच नये. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असते, त्यामुळे तिच्या जोडीला व्होवेरान घेणे म्हणजे एकाच गटातील दोन औषधे घेणे होय. आठवड्यामागून आठवडा गोळी घेतल्याशिवाय खेळता येत नसेल, तर सांध्याची तपासणी करून घेण्याची वेळ आली आहे, असे समजावे.

कायद्याचीही एक बाजू आहे. भारतात ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. कतारमध्ये ट्रॅमाडॉल आणि कोडीन यांसारख्या औषधांवर कडक निर्बंध आहेत. मायदेशातून औषधे आणताना त्यांतील घटक तपासावेत आणि कतारमधील सध्याचे नियम अधिकृत यंत्रणेकडून आधीच जाणून घ्यावेत. शेजाऱ्याने किंवा नातेवाइकाने सोबत दिलेले अनोळखी औषधांचे पाकीट सामानात ठेवू नये.