कोशातील ठळक अक्षर

आमच्या घरांतील जुना इंग्रजी कोश उघडला की ठळक मूळ शब्द आधी डोळ्यांत भरतो, अर्थ मागाहून. या सोयीचे मूळ १८४५ सालात आहे. लंडनच्या फॅन स्ट्रीट टाइप फौंड्रीत रॉबर्ट बेस्ले यांच्यासाठी बेंजामिन फॉक्स यांनी ‘क्लॅरेंडन’चे ठसे कोरले. त्यापूर्वी जाहिरातींची जाड अक्षरे मजकुरात घातली की पान बेढब दिसे. क्लॅरेंडनचे दांडे भक्कम. टोकांचे पाय जाड, पण दांड्याशी वळणाने जुळलेले. म्हणून ते साध्या अक्षरांच्या ओळीत सहज नांदले. कायद्याने त्यास तीन वर्षांचे संरक्षण मिळाले. मुदत सरताच इतरांनी नकला केल्या. बेस्ले यांचा मक्ता गेला, अक्षर मात्र सर्वदूर पोहोचले. परक्या ओळीत मिसळूनही आपले वजन न सोडणारे हे अक्षर आम्हांस जवळचे वाटते.