बघूत, करूत... आणि साडेपंधरा वर्षं

आपल्या नांदेड-लातूरकडं एखाद्याला 'हो' म्हणायचं नसलं आणि तोंडावर 'नाही'पण म्हणायचं नसलं की एक शब्द पुरतो. 'बघूत'. इंग्रजीत याला 'हेमिंग अँड हॉइंग' म्हणतात, म्हणजे घसा खाकरत, हं-हं करत वेळ मारून नेणं. धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' पण त्यातलंच.

उसने पैसे मागणाऱ्याला 'बघूत' म्हटलं तर फार तर मैत्री तुटते. सरकार 'बघूत' म्हणतं तेव्हा काय होतं, याचं आपल्या भागातलं सगळ्यात महाग उदाहरण म्हणजे मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर. आजच्या पोरांना १४ जानेवारीचे बॅनर तेवढे माहीत आहेत, म्हणून हे लिहितोय.

विद्यापीठ स्थापन झालं १९५८ साली, औरंगाबादला. नांदेड, लातूरची कॉलेजं तेव्हा त्यालाच जोडलेली. त्याच शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलेलं. खेड्यापाड्यातली दलित पोरं तिथं पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, ही मागणी त्यातूनच आली.

२७ जुलै १९७८. शरद पवारांचं पुलोद सरकार येऊन जेमतेम नऊ दिवस झालेले. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. एवढं स्पष्ट 'हो' आपल्या राजकारणात क्वचितच ऐकू येतं.

आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या, घरं लुटली, माणसं गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यात झळ फार मोठी होती. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना जमावानं ४ ऑगस्टला ठार मारलं. ठराव झाला मुंबईत, त्याची किंमत मोजली टेंभुर्णीनं, तीही आठ दिवसांत.

यानंतर सरकारनं काय करायला पाहिजे होतं? ठराव म्हणजे कायदा नव्हे. विद्यापीठाचं नाव कायद्यात असतं, ते बदलायला कायदा दुरुस्त करावा लागतो. ते करायचं, नाहीतर सरळ सांगायचं की आम्ही माघार घेतोय. दोन्ही झालं नाही. ठराव रद्द नाही आणि अंमलातही नाही! घोंगडं भिजत पडलं.

नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे नागपूरहून लाँग मार्च घेऊन निघाले. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग सगळं झालं. मुंबईत खुर्चीवरची माणसं बदलत गेली. पवार, मग राष्ट्रपती राजवट, अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, पुन्हा पवार, सुधाकरराव नाईक, पुन्हा पवार. एकूण सात माणसं. यातले दोघं आपले. १९८५-८६ ला लातूर जिल्ह्यातले शिवाजीराव पाटील निलंगेकर, आणि १९८६ ते ८८ नांदेडचे शंकरराव चव्हाण. शंकररावांना पाणी आणि धरणांच्या बाबतीत ठाम निर्णय घेणारा माणूस म्हणून आजही मान आहे, आणि तो रास्त आहे. पण या एका प्रश्नावर मराठवाड्याचे मुख्यमंत्रीही पुढं सरकले नाहीत.

विरोध करणारे मात्र उघड होते. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले मोठे नेते नामांतराच्या विरोधात होते. मराठवाडा ही आमची ओळख आहे, ते नाव पुसू नका, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. पण निदान त्यांच्याशी वाद घालता येत होता. 'योग्य वेळी योग्य निर्णय' म्हणणाऱ्याशी काय वाद घालणार? (आम्हा पत्रकारांच्या वह्या या वाक्यानं अजून भरतात, तो भाग वेगळा.)

नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केलं. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दोनच महिने झाले होते. मराठवाडा आधीच हादरलेला होता. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला, संक्रांतीच्या दिवशी, पवार सरकारनंच निर्णय जाहीर केला. चळवळीत 'सोळा वर्षांचा लढा' म्हणतात, काटेकोर मोजली तर साडेपंधरा भरतात. आणि उत्तर आलं तेही पूर्ण नाही. नामांतर नाही, 'नामविस्तार'. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही बाजूंना आपापलं ऐकू यावं असं नाव.

यावेळी १९७८ सारखा वणवा पेटला नाही. मधल्या काळात लोक निवळले, म्हणून थांबणंच शहाणपणाचं होतं, असं सांगणारे भेटतात. असेल थोडं तसं. पण यावेळी सरकारनं पोलीस बंदोबस्त आधी लावला आणि निर्णय नंतर जाहीर केला, हे ते विसरतात. १९७८ ला ठराव आधी झाला आणि खेड्यातली वस्ती वाऱ्यावर राहिली. बंदोबस्ताला साडेपंधरा वर्षं लागत नाहीत.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं तिकडं गेली. ज्या जिल्ह्यातून पोचीराम आणि गौतम गेले, तिथल्या कॉलेजांचा औरंगाबादच्या विद्यापीठाशी संबंध नामविस्तारानंतर आठ महिन्यांत संपला.