नावं चार, संघ एकही नाही

मुंबईला व्यावसायिक हॉकी संघ पोसता येईल का, असं लोक मला विचारतात. माझ्या मते प्रश्न ऐपतीचा नाही. १८९६ मध्ये याच शहरात आगाखान चषक सुरू झाला. पुढे रेल्वे, विमान कंपन्या, बँका यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. खडकीचा धनराज पिल्ले मुंबईत येऊनच मोठा झाला. खेळाडू लोकांना आपले वाटत, कारण ते इथेच राहत, इथेच खेळत.

लीगचे संघ मात्र टिकले नाहीत. २००५ मध्ये 'मराठा वॉरियर्स' उतरला, पण त्या वर्षीचे सामने हैदराबादेत झाले! २०१२ मध्ये 'मुंबई मरीन्स' आला. २०१३ मध्ये आलेला 'मुंबई मॅजिशियन्स' दोन हंगामांतच आटोपला. त्याच्या जागी आलेल्या 'दबंग मुंबई'ने २०१७ मध्ये अंतिम फेरी गाठली, तर पुढे लीगच थांबली. २०२४ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मुंबईचा संघच नव्हता.

नाव तोंडात बसेपर्यंत संघ नाहीसा होई. मग प्रेक्षकांनी जीव लावायचा कुणाला? नवा संघ जरूर यावा. पण त्यात इथल्या शाळा-क्लबांतली मुलं असावीत आणि मालकांनी दहा वर्षं तरी धीर धरावा.