पंखाकृती अंसफलकाची शस्त्रक्रिया

खांद्याचा फरा, म्हणजेच अंसफलक, छातीच्या पिंजऱ्यावर सपाट न राहता पंखासारखा पाठीतून बाहेर येतो, तेव्हा त्या स्थितीस पंखाकृती अंसफलक म्हणतात. फ्रेंच शल्यचिकित्सक वेल्पो यांनी १८३७ मध्ये तिचे वर्णन केले. हा स्वतंत्र रोग नसून फऱ्याला जागेवर धरणाऱ्या स्नायूंच्या दुर्बलतेचे लक्षण आहे. त्यामुळे कोणता स्नायू निकामी झाला, यावरच शस्त्रक्रियेची निवड ठरते.

शस्त्रक्रियेची वेळ

बहुतेक रुग्णांत दोष सेरेटस अँटेरिअर या स्नायूत असतो. त्याला चेतना पुरवणारी लाँग थोरॅसिक चेता ताण, आघात, चेतादाह किंवा काखेतील शस्त्रक्रिया यांमुळे दुखावते. चेता दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढते, म्हणून व्यायामोपचार करत १ ते २ वर्षे वाट पाहण्याची प्रथा आहे. मात्र चेता तुटलेली असेल, तर वाट पाहणे हानिकारक ठरते. दीर्घकाळ चेतनाविरहित राहिलेला स्नायू नंतर चेता जोडूनही सावरत नाही. मानेतील लसीका ग्रंथीची बायोप्सी करताना ॲक्सेसरी चेता कापली जाऊन ट्रपीझियस स्नायू लुळा पडतो, तेव्हा हा धोका विशेष असतो. खांदेदुखी समजून महिने निघून जातात आणि चेता शिवण्याची संधी हुकते. ईएमजी तपासणीने चेतेची स्थिती कळते.

चेतेवरील शस्त्रक्रिया

दबलेली चेता मोकळी करणे, तुटलेली चेता शिवणे अथवा तिला शेजारच्या चेतेची शाखा जोडणे, हे पर्याय पहिल्या काही महिन्यांत अधिक उपयोगी पडतात. सेरेटससाठी बहुधा पाठीच्या लॅटिसिमस डॉर्सायकडे जाणाऱ्या चेतेची शाखा वापरतात.

स्नायू-स्थलांतर

सेरेटसचा लकवा कायम राहिल्यास छातीतील पेक्टोरॅलिस मेजर स्नायूचा उरोस्थीकडील भाग फऱ्याच्या खालच्या कोपऱ्याला जोडतात. लांबी कमी पडल्यास मांडीतील पट्टी किंवा कंडरा वापरून ती वाढवली जाते. हा जोड कालांतराने सैल होऊ शकतो. ट्रपीझियसच्या लकव्यात एडेन-लांगे पद्धतीने लिव्हेटर स्कॅप्युली व ऱ्हॉम्बॉइड स्नायूंची जोडणी फऱ्यावर बाहेरच्या बाजूस सरकवतात. यानंतर काही आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो.

फरा बरगड्यांना सांधणे

एफएसएचडी या आनुवंशिक स्नायुविकारात अनेक स्नायू एकाच वेळी झिजतात, त्यामुळे स्थलांतरासाठी भरवशाचा स्नायू उरत नाही. तेथे अस्थिकलम, तारा व पट्ट्या वापरून फरा बरगड्यांना कायमचा सांधतात. त्यापूर्वीची चाचणी सोपी आहे : वैद्य फरा हाताने छातीवर दाबून धरतो आणि रुग्णास हात उचलावयास सांगतो. हात अधिक वर गेला, म्हणजे डेल्टॉइड स्नायूत बळ शिल्लक आहे, तरच लाभाची अपेक्षा धरता येते. हात डोक्यापर्यंत नेणे सुकर होते. परंतु फऱ्याची स्वतःची हालचाल थांबते. छातीच्या पोकळीत हवा शिरणे, हाड न जुळणे व फुप्फुसाची क्षमता काहीशी घटणे हे धोके असल्याने दोन्ही बाजू एकाच वेळी सांधणे सहसा टाळतात.